विद्यापीठ प्रकल्पांसाठी सीएसआर आणि फाउंडेशन ग्रँट

विद्यापीठातल्या एखाद्या विभागाला, संशोधकाला किंवा संलग्न कॉलेजला सरकारबाहेरून, म्हणजे कंपनीच्या सीएसआरमधून (कॉर्पोरेट सोशल रिस्पॉन्सिबिलिटी, कंपनीने समाजाच्या कामावर करायचा खर्च) नाहीतर एखाद्या ट्रस्ट किंवा फाउंडेशनकडून, ठरावीक कामासाठी पैसे मिळवायचे तर जी खटपट करावी लागते ती या नोंदीचा विषय आहे. देणगी यात धरत नाहीत कारण तिथे हिशेबाचं बंधन सैल असतं, आणि कन्सल्टन्सीपण धरत नाहीत कारण तिथे कंपनी पैसे मोजून काम करून घेते. ग्रँट या दोन्हींच्या मधली गोष्ट. पैसे परत द्यायचे नसतात, पण कशावर, किती मुदतीत आणि कुणाच्या भल्यासाठी खर्च झाले ते दाखवावं लागतं. बहुतेक प्राध्यापकांना वाटतं की मुख्य काम प्रपोजल लिहिण्याचं. ते तर आहेच, पण महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचं खरं घोडं अडतं ते पैसा घ्यायची आणि वेळेत खर्च करायची तयारी नसते तिथे, त्यामुळे या नोंदीत त्यावर जास्त लिहिलंय.

आधीचा काळ

सीएसआर हा शब्द नव्हता तेव्हापासून मुंबईत हे चालू आहे. कापसाच्या तेजीत प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी २ लाख आणि टॉवरसाठी २ लाख रुपये दिले, टॉवरला आईचं नाव द्यावं ही इच्छा सांगितली, पुढच्याच वर्षी बाजार कोसळला तरी बांधकामाचे पैसे आधीच विद्यापीठाकडे आलेले होते आणि नोव्हेंबर १८७८ मध्ये राजाबाई टॉवर पूर्ण झाला. गंमत बघा, याच टॉवरच्या आणि ग्रंथालयाच्या इमारतीची अलीकडची दुरुस्ती टीसीएसच्या पैशातून झाली, २०१५ मध्ये ती संपली. म्हणजे एकाच इमारतीला एकदा व्यापाऱ्याचा आणि एकदा कंपनीचा पैसा लागलाय.

पण प्रपोजल कसं असावं हे शिकायचं तर १२ मार्च १९४४ चं होमी भाभांचं पत्र बघावं. ते सर दोराबजी टाटा ट्रस्टचे अध्यक्ष सर सोराब सकलातवाला यांना लिहिलेलं आहे. भाभा तेव्हा बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये कॉस्मिक किरणांवर काम करत होते आणि त्या कामालाही याच ट्रस्टची ग्रँट होती, म्हणजे मोठी मागणी करण्याआधी छोट्या पैशात काम करून दाखवलेलं होतं. पत्रात ते फक्त इमारत-उपकरणं मागत नाहीत. एक-दोन दशकांनी अणुऊर्जेवर वीज तयार व्हायला लागेल तेव्हा भारताला तज्ज्ञ बाहेरून आणावे लागणार नाहीत, ते इथेच तयार असतील, असं ते सांगतात. आपल्या संशोधनातून देशाला काय मिळणार आणि ते आत्ताच का सुरू करायला हवं हे विज्ञानाबाहेरच्या माणसाला कळेल असं लिहिलंय. ट्रस्टने होकार दिला, मुंबई सरकार आणि भारत सरकारही पैशात सामील झालं आणि १९४५ मध्ये टीआयएफआर, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, सुरू झालं. आजही एका देणाऱ्याचा होकार आला की दुसऱ्याला विचारणं सोपं जातं, ते इथूनच बघायला मिळतं.

कायदा काय सांगतो

कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीची नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा करून उरणारी रक्कम) ५०० कोटी किंवा उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असेल तरी तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजाच्या कामावर खर्च करावी लागते. देशभरात २०२२-२३ मध्ये हा खर्च जवळपास ३० हजार कोटींवर गेला, त्यात शिक्षणाचा वाटा सगळ्यात मोठा आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र सगळ्यात वर. आकडा ऐकून विद्यापीठवाल्यांना हुरूप येतो पण शिक्षण म्हटलं की कंपनीच्या डोळ्यासमोर आधी शाळा येते, डिजिटल वर्ग, स्वच्छतागृहं, स्कॉलरशिप, मग विद्यापीठ.

कुठल्या कामाला पैसा देता येतो ते याच कायद्याच्या परिशिष्ट सातमध्ये लिहिलंय. आधी संशोधनासाठी तिथे फारच अरुंद वाट होती, शैक्षणिक संस्थांमधले सरकारमान्य टेक्नॉलॉजी इन्क्युबेटर (नव्या तंत्रज्ञानाच्या उद्योगांना उभं करणारी केंद्रं) एवढंच. २०१९ मध्ये ती रुंद झाली आणि सरकारी पैशावर चालणारी विद्यापीठं, आयआयटी, राष्ट्रीय प्रयोगशाळा यांना विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग आणि वैद्यकातल्या संशोधनासाठी थेट पैसा देणं सीएसआरमध्ये बसायला लागलं. मराठी, इतिहास, समाजशास्त्र वाल्यांना हा रस्ता नाही. त्यांना शिक्षण, वारसा जतन, महिला सक्षमीकरण, ग्रामीण विकास अशा दुसऱ्या कलमात आपलं काम बसवावं लागतं, आणि ते बसतं सुद्धा, हस्तलिखितांचं जतन हे वारशाच्या कलमात चोख बसतं. प्रपोजलच्या पहिल्याच पानावर आपलं काम परिशिष्ट सातच्या कुठल्या कलमात येतं ते लिहावं, कारण समोरच्या सीएसआर मॅनेजरला त्याच्या कमिटीपुढे तेच मांडायचं असतं.

चेक कुणाच्या नावाने

कंपनी स्वतः काम करू शकते किंवा दुसऱ्या संस्थेमार्फत करून घेऊ शकते, आणि ती दुसरी संस्था कोण असू शकते याचे नियम २०२१ मध्ये कडक झाले. विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ त्यात थेट बसतं. बाहेरच्या ट्रस्ट किंवा सोसायटीला मात्र आयकर कायद्यातली १२ए (संस्थेला करसूट) आणि ८०जी (देणाऱ्याला करसवलत) ची नोंदणी हवी आणि तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा. अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेला कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर सीएसआर-१ फॉर्म भरून नंबर घ्यावा लागतो, त्यावर सीए किंवा सीएसची (कंपनी सेक्रेटरीची) सही लागते. काम तसं छोटं आहे पण ते कुलसचिव कार्यालयाने करायचं की वित्त व लेखा अधिकाऱ्यांनी की संशोधन विभागाने हेच ठरत नाही आणि कंपनीचा मेल येतो, नंबर पाठवा, तेव्हा पळापळ सुरू होते.

संलग्न कॉलेजचं आणखी वेगळं. कॉलेजला स्वतःचं कायदेशीर अस्तित्व बहुतेक वेळा नसतंच, ते चालवणाऱ्या संस्थेला असतं. फर्ग्युसन चालवते डेक्कन एज्युकेशन सोसायटी, तसंच बाकीच्यांचं. म्हणजे प्राचार्यांनी कितीही छान प्रपोजल केलं तरी नोंदणी, पॅन, करार सगळं संस्थेच्या नावाने होणार, त्यामुळे संस्थेच्या सेक्रेटरींना पहिल्या दिवसापासून सोबत घेतलेलं बरं. काही विद्यापीठांनी आणि प्रयोगशाळांनी यावर उपाय म्हणून कंपनी कायद्याच्या कलम ८ ची ना-नफा कंपनी काढली आहे, पुण्याच्या एनसीएल या राष्ट्रीय रसायन प्रयोगशाळेतलं व्हेंचर सेंटर त्याच प्रकारचं. तिथे खरेदी आणि नेमणुका पटकन होतात.

बजेट

प्रपोजलमधलं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान हे असतं आणि सगळ्यात घाईत केलेलंही हेच. समजा रसायनशास्त्र विभागाला तालुक्यातल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात नायट्रेट किती आहे ते तीन वर्षं तपासायचंय. सवयीने बजेट असं होतं: आयन क्रोमॅटोग्राफ मशीन, एक प्रोजेक्ट फेलो, थोडा प्रवास, थोडं किरकोळ. मशीन येतं, फोटो निघतात, डेड स्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद होते. मग वॉरंटी संपते आणि देखभालीच्या करारासाठी पैसा नसतो, कॉलम बदलायचा असतो त्याला पैसा नसतो, लाइट जाते आणि यूपीएस बजेटमध्ये धरलेलाच नसतो, फेलोचा पगार हप्ता उशिरा आल्याने तीन-तीन महिने थांबतो आणि पोरगं दुसरीकडे नोकरी धरतं. मशीन उभं राहतं पण पाणी तपासायला कुणी नसतं. याउलट देखभाल, केमिकल, यूपीएस, सॅम्पल आणायची गाडी, गावात रिपोर्ट समजावून सांगायची बैठक आणि ऑडिटची फी हे सगळं आधीच लिहिलं तर रक्कम मोठी दिसते पण कंपन्यांमधले अनुभवी लोक अशाच बजेटवर विश्वास ठेवतात, कारण त्यांनी बंद पडलेली मशिनं पाहिलेली असतात.

इथे एक गैरसमज फार पसरलाय तो सांगायलाच हवा. सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही असं ऐकून लोक प्रकल्पातले पगारच कापतात. ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभाग चालवण्याच्या खर्चाला आहे. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख यावर थेट होणारा खर्च त्यात येत नाही. फेलोचा पगार हा प्रकल्पाचा खर्च आहे, तो पूर्ण मागावा आणि न लाजता मागावा.

वेळ आणि फाइल

कंपनीची सीएसआर कमिटी दर वर्षाचा कृती आराखडा करते आणि बोर्ड तो मंजूर करतं, म्हणून एप्रिल ते जून या काळात दोन पानांची कन्सेप्ट नोट, म्हणजे कामाची थोडक्यात कल्पना, पोचलेली असावी. पूर्ण प्रपोजल त्यांनी मागितल्यावर द्यायचं. काम कंपनीच्या कारखान्याच्या आसपासच्या भागात असेल तर वजन वाढतं कारण कायद्यातच स्थानिक भागाला प्राधान्य द्या असं म्हटलंय. पूर्वी फेब्रुवारी-मार्चमध्ये उरलेला पैसा कुठेतरी देऊन टाकायची घाई असायची. आता चालू प्रकल्पाचा न खर्चलेला पैसा मार्चनंतर ३० दिवसांत वेगळ्या बँक खात्यात टाकून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येतो, त्यामुळे प्रकल्प सुरुवातीलाच बहुवर्षीय म्हणून मांडणं विद्यापीठाच्या फायद्याचं.

मंजुरी आली की खरी परीक्षा. सामंजस्य करार विधी सल्लागाराकडे, तिथून कुलसचिवांकडे, मग वित्त विभागात नवीन लेखाशीर्ष (हिशेबातलं वेगळं खातं), रक्कम मोठी असेल तर व्यवस्थापन परिषद, मग खरेदी समिती, तीन कोटेशन किंवा टेंडर. यातली एकही पायरी अनावश्यक नाही, सार्वजनिक पैशाची शिस्त आहे ती. पण कंपनीचा दुसरा हप्ता पहिल्या हप्त्याच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे यूसीवर अवलंबून असतो आणि टेंडरमध्ये सात महिने गेले की यूसीच देता येत नाही आणि तो हप्ता अडकतो. म्हणून करारावर सही व्हायच्या आधीच खरेदीचे स्पेसिफिकेशन तयार ठेवणारे विभाग पुढे जातात.

फाउंडेशन आणि परदेशी पैसा

टाटा ट्रस्ट, अझीम प्रेमजी फाउंडेशन, इन्फोसिस फाउंडेशन अशा संस्थांचे विषय आणि पद्धती वेगवेगळ्या असतात आणि काही ठिकाणी आगंतुक अर्ज घेतच नाहीत. वैद्यकीय संशोधनात लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट १९३२ पासून पैसा देतो, तर केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग (डीबीटी) आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांची इंडिया अलायन्स २००८ पासून फेलोशिप देते. परदेशी स्रोताचा पैसा आला की एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचं नियमन करणारा कायदा, लागतो. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी स्टेट बँकेच्या दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो, प्रशासकीय खर्च २० टक्क्यांपर्यंतच आणि तो पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. या शेवटच्या अटीने विद्यापीठ आणि गावपातळीवरची संस्था मिळून करायचे कितीतरी प्रकल्प अवघड झालेत, कारण गावात माणसं संस्थेची आणि खातं विद्यापीठाचं.

पेटंटचा विषय आधीच बोलावा. कंपनीला निकालावर हक्क हवा असेल तर ते सीएसआर राहत नाही, तो प्रायोजित संशोधनाचा करार होतो. संशोधनाच्या ग्रँटवर जीएसटी लागणार का यावरून आयआयटींना नोटिसा गेल्या होत्या, शेवटी सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने सरकारी संस्थांना आणि आयकर कायद्याखाली अधिसूचित विद्यापीठं-कॉलेजांना सरकारी किंवा खाजगी ग्रँटवर केलेल्या संशोधनासाठी सूट द्यायची शिफारस केली.

छोटी विद्यापीठं

अमेरिकेतल्या विद्यापीठांत कंपन्या आणि फाउंडेशनशी बोलायला स्वतंत्र ऑफिस असतं, एकाच कंपनीकडे चार विभाग चार प्रपोजल घेऊन जाऊ नयेत हे ते बघतं. आपल्याकडे आयआयटींनी माजी विद्यार्थ्यांच्या जोरावर तसं काही उभं केलं. राज्य विद्यापीठांत हे काम विभागप्रमुखाच्या ओळखीवर चालतं आणि ते निवृत्त झाले की ओळखही जाते. गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ किंवा जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ यांच्या परिसरातले प्रश्न, जंगल, पाणी, कुपोषण, केळी, हे सीएसआरला नेमके हवेत तसे आहेत, पण बहुतेक मोठ्या कंपन्यांचे निर्णय मुंबईत होतात आणि तिथे जाऊन बसायला माणूस नसतो. २०२३ च्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन कायद्यानुसार पाच वर्षांत ५० हजार कोटी उभे करायचं नियोजन होतं, त्यातला ३६ हजार कोटींचा मोठा भाग सरकारबाहेरून येणार असं सांगितलं गेलं. तो पैसा जिल्ह्याच्या विद्यापीठापर्यंत यायचा असेल तर तिथे निदान एक पूर्णवेळ माणूस, सीएसआर-१ नंबर आणि मागच्या प्रकल्पांची स्वच्छ यूसी एवढं तरी हातात हवं.

काम संपल्यानंतर

ज्या कंपनीचं सीएसआर बंधन तीन वर्षांच्या सरासरीने १० कोटींच्या वर आहे, तिला १ कोटीच्या वरच्या प्रकल्पांचं परिणाम मूल्यमापन बाहेरच्या एजन्सीकडून करून घ्यावं लागतं, तेही प्रकल्प संपून वर्ष झाल्यावर. तोपर्यंत फेलो गेलेला असतो. म्हणून सॅम्पलची नोंदवही, कुठल्या गावात कुणाला रिपोर्ट दिला त्याच्या तारखा, सुरुवातीचे आकडे हे पीआयच्या (प्रकल्पाच्या मुख्य संशोधकाच्या) लॅपटॉपमध्ये न ठेवता विभागात ठेवावेत. एजन्सीचा माणूस थेट गावात जातो आणि सरपंचाला, आशाताईंना विचारतो की पाण्याचा रिपोर्ट आला होता का आणि आल्यावर तुम्ही काय केलं.