पोटरीतला गोळा आणि विजेचे खांब

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावापासून काकांचे वावर दीड किलोमीटरवर आहे आणि तिथवर जाणाऱ्या पांदण रस्त्याच्या कडेने विजेचे खांब गेलेले आहेत. काही वर्षांपूर्वी काका चौथ्या खांबापाशी थांबू लागले. थांबायला निमित्त असायचे. कोणाच्या कपाशीवर बोंडअळी पडली का, कोणाच्या तुरीला फुलोरा किती आला, हे ते धुऱ्यावरून न्याहाळत उभे राहत. दोन-तीन मिनिटांनी पुन्हा निघत आणि चार खांब गेले की पुन्हा कोणाची तरी तूर पाहत. उजव्या पोटरीत गोळा येतो, उभे राहिले की जातो, एवढेच ते सांगत. घरच्यांनी त्याला वात म्हटले आणि तेल चोळले. एका डॉक्टरांनी कमरेचे दुखणे ठरवून बरेच दिवस इंजेक्शने दिली. पुढे मुलगा त्यांना मोटारसायकलवर वावरात सोडू लागला आणि गोळा येणे बंद झाले, तेव्हा दुखणे बरे झाले असेच सगळ्यांना वाटले. प्रत्यक्षात काकांनी चालणेच सोडले होते, म्हणून दुखायचे राहिले होते.

या आजाराला पेरिफेरल आर्टरी डिसीज म्हणतात. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर साचून त्या अरुंद होतात हे आता खेड्यातही सर्वांना माहीत आहे. तोच प्रकार पायांकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांत होतो, तेव्हा हा आजार होतो. 2010 साली जगात सुमारे 20 कोटी लोकांना तो असल्याचा अंदाज काढण्यात आला होता. जर्मन भाषेत त्याला 'दुकानाच्या काचेचा आजार' असे नाव आहे, कारण तिथले रुग्ण दुखायला लागले की दुकानाच्या काचेतला माल पाहण्याचे सोंग करून थांबतात. आमच्या काकांना काचेऐवजी कपाशी होती, एवढाच काय तो फरक.

पोटरीचा स्नायू बसलेल्या माणसात फार थोड्या रक्तावर भागवतो, पण माणूस झपाझप चालू लागला की त्याची गरज कित्येक पटींनी वाढते. निरोगी धमनी त्या मागणीनुसार पसरते. अरुंद आणि कडक झालेली धमनी बसल्या जागी पुरते तेवढे रक्त देऊ शकते, चढत्या मागणीला मात्र पुरी पडत नाही. उन्हाळ्यात कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचत नाही, तशी पोटरीची अवस्था होते. प्राणवायूवाचून राबणारा स्नायू दुखतो आणि माणूस थांबला की मागणी उतरून दुखणेही उतरते. हे लक्षण वैद्यकाच्या नोंदीत आधी आले ते जनावरामुळे. 1831 साली बुले नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने मागच्या पायांनी थांबून थांबून लंगडणाऱ्या घोड्याचे वर्णन केले. त्या घोड्याच्या मांडीतल्या धमन्या बंद झालेल्या होत्या. माणसातला तोच प्रकार शार्को या डॉक्टरांनी 1858 मध्ये नोंदवला. बैलाची चाल पाहून त्याचे दुखणे ओळखणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये.

कमरेच्या मणक्यात नस दबली तरी चालताना पाय दुखतात, त्यामुळे गल्लत होते. फरक मात्र घरबसल्या पुष्कळसा कळतो. रक्त कमी पडल्याने दुखत असेल तर नुसते उभे राहिले तरी काही मिनिटांत आराम पडतो; नस दबली असेल तर उभे राहून भागत नाही, बसावे किंवा पुढे वाकावे लागते. असा मणक्याचा रुग्ण चालू शकत नाही, पण हँडलवर वाकून सायकल बऱ्याच अंतरापर्यंत नेतो. पक्के निदान करायला मोठे यंत्र लागत नाही. दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब घ्यायचा, घोट्यापाशी स्टेथोस्कोपऐवजी रक्ताच्या प्रवाहाचा आवाज ऐकवणारे छोटे डॉपलर यंत्र लावायचे आणि भागाकार करायचा. दंडाला 140 आणि घोट्याला 84 असेल तर उत्तर 0.6 येते. 0.9 किंवा त्याहून कमी उत्तर आले की आजार आहे असे धरतात. मधुमेहात धमन्यांची भिंत चुन्यासारखी कडक होते आणि पट्टा आवळूनही दबत नाही, त्यामुळे उत्तर 1.4 च्या वर गेले तरी निश्चिंत राहू नये.

आता चालण्याकडे येतो, कारण या आजाराचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपचार चालणे हाच आहे. दुखते तर चालायचे कशाला, हा प्रश्न स्वाभाविक आहे. शिकागोच्या डॉक्टर मेरी मॅकडर्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 305 रुग्ण होते. एका गटाला पाय बऱ्यापैकी दुखेल इतक्या वेगाने चालायला सांगितले, दुसऱ्याला दुखणार नाही अशा बेताने, आणि तिसऱ्याला चालण्याचा कार्यक्रम दिलाच नाही. वर्षभराने सहा मिनिटांत किती अंतर कापले जाते ते मोजले, तेव्हा दुखेपर्यंत चालणाऱ्यांचे अंतर सरासरी 338 मीटरवरून 371 मीटरवर गेले होते. जपून चालणाऱ्यांचे अंतर वाढले नाहीच, किंचित घटले. वर्षभर निष्ठेने, पण दुखण्याला बगल देत चालून हाती काही लागू नये, हा निकाल मला स्वतःला धक्का देणारा होता.

शेतकरी तर आयुष्यभर चालतोच, त्याला आणखी काय चालायचे, असे आमच्याकडे हमखास म्हटले जाते. परंतु डवरणी सोडली तर वावरातले पुष्कळसे काम दोन पावले आणि थांबा, अशा चालीचे असते. कापूस वेचणारी बाई दिवसभर पायांवर असते, तरी तिची पोटरी सलग पाच मिनिटे क्वचितच ताणली जाते. उपचारासाठी हवे ते सलग, ठरवून केलेले चालणे. साधारण पद्धत अशी आहे: मध्यम दुखू लागेपर्यंत चालावे, थांबावे, दुखणे पूर्ण उतरले की पुन्हा निघावे, आणि हे थांबे धरून सुरुवातीला अर्धा तास व पुढे पाऊण-एक तास, आठवड्यातून निदान तीन दिवस, किमान 12 आठवडे करावे. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 अंशांना भिडतो, तेव्हा ते पहाटेच उरकावे लागते. सुरू करण्याआधी हृदयाची तपासणी करून घेणे आवश्यक आहे, कारण पायाची धमनी अरुंद असलेल्या माणसाच्या हृदयाची आणि मेंदूचीही बहुधा तीच गत असते. या रुग्णांना पायापेक्षा मोठा धोका हृदयविकाराच्या झटक्याचा आणि पक्षाघाताचा असतो. कोलेस्टेरॉलच्या, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या त्यासाठीच दिलेल्या असतात. पाय बरा वाटला म्हणून त्या सोडायच्या नसतात. आणि बिडी सुटली नाही तर बाकी सगळे निम्म्यावर येते. बिडी सोडली म्हणून सुपारी-तंबाखूचा खर्रा दुप्पट करणारे मी पाहिले आहेत, तो सौदा खोटा आहे.

चालण्याने अरुंद धमनी मोकळी होत नाही. घोट्याचा रक्तदाब पुन्हा मोजला तर आकडा बहुतेक वेळा होता तिथेच असतो. बदल होतो तो स्नायूत: पेशींतली ऊर्जा तयार करणारी यंत्रणा सुधारते, धमन्यांचे अस्तर रक्ताची मागणी आल्यावर पसरायला शिकते, आणि मिळेल तेवढ्या रक्तातून स्नायू जास्त प्राणवायू काढून घेतो. काकांनी निदान झाल्यावर घरच्या कॅलेंडरवर रोज खांबांचा आकडा लिहायला घेतला. चारावर सुरू झालेला आकडा महिनाभर हलला नाही, आणि चौथ्या महिन्यात तो नऊ होता.

मात्र रात्री बाजेवर पडल्या पडल्या पाऊल ठणकणे, पाय खाली लोंबता सोडल्यावरच बरे वाटणे, अंगठा काळानिळा पडणे किंवा जखम दोन आठवड्यांत न भरणे, ही लक्षणे वेगळ्या पायरीची आहेत. तिथे चालून पाहू असे म्हणत बसू नये. रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाकडे त्वरित जावे, कारण तेव्हा धमनी फुग्याने उघडणे किंवा बायपास करणे यांवर पाय वाचणे अवलंबून असते. मधुमेह्याला तर पायाची संवेदनाच गेलेली असल्याने पोटरीतला गोळाही जाणवत नाही आणि छाटलेल्या पऱ्हाटीचा खुंट तळव्यात घुसला तरी कळत नाही. अशाने वावरात अनवाणी जाऊ नये आणि संध्याकाळी पाय धुतल्यावर तळवा आरशात पाहावा किंवा नातवाला पाहायला सांगावे.