मोफत औषधांचा चुकलेला दावा: इंग्लंडमधील दंडाच्या नोटिसांची पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे केमिस्टकडून मोफत घेतल्यानंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, घरच्या पत्त्यावर एक पत्र येते. त्या दिवशी आपल्याला मोफत औषधांचा हक्क होता अशी नोंद सापडत नाही, असे त्यात लिहिलेले असते. आपला दावा चुकला होता हे बहुतेकांना तेव्हाच पहिल्यांदा कळते. कुणाच्या प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते, कुणाचा भत्ता एका नावाखालून दुसऱ्या नावाखाली गेलेला असतो, तर कुणाचा त्या एका महिन्याचा पगार नेहमीपेक्षा जास्त आलेला असतो. ही चूक इतक्या लोकांच्या हातून का होते हे समजण्यासाठी मोफत औषधांचा हक्क ठरवण्याची आणि तो तपासण्याची पद्धत कशी बदलत गेली हे पाहावे लागते.

आधी रकमेचा हिशेब पाहू. मे 2024 मध्ये प्रत्येक औषधामागचे शुल्क 9.90 पौंड झाले. दावा चुकीचा ठरला तर बुडालेले शुल्क भरावे लागतेच, शिवाय त्या शुल्काच्या पाचपट, पण जास्तीत जास्त 100 पौंड, इतका दंड होतो. चिठ्ठीवर दोन औषधे असतील तर 19.80 पौंडांचे शुल्क आणि 99 पौंडांचा दंड मिळून 118.80 पौंड होतात. 28 दिवसांत पैसे भरले नाहीत तर दंडाच्या निम्म्यापर्यंत अधिभार चढतो. ज्यांच्याकडे 19.80 पौंड नाहीत असे गृहीत धरून ही सवलत दिली जाते, त्यांच्याच दारात हा आकडा येतो, हे येथे नोंदवून ठेवणे आवश्यक वाटते.

जुलै 1948 मध्ये एनएचएस ही ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा औषधे सर्वांना मोफत होती आणि त्यामुळे चुकीचा दावा ही गोष्टच अस्तित्वात नव्हती. शुल्क लावण्याची मुभा देणारा कायदा पुढच्याच वर्षी झाला. 1951 मध्ये कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क बसवण्याचे ठरले तेव्हा ही सेवा उभारणाऱ्या मंत्र्याने त्या निषेधार्थ मंत्रिमंडळ सोडले. औषधांवरचे शुल्क जून 1952 मध्ये, सत्तांतरानंतर, चिठ्ठीमागे एक शिलिंग या दराने आले. 1956 च्या अखेरीस ते चिठ्ठीऐवजी प्रत्येक औषधामागे झाले आणि 1961 मध्ये दुप्पट झाले. त्या काळात सरकारी साहाय्यावर जगणाऱ्यांनी आधी शुल्क भरायचे आणि मग ते परत मागायचे अशी रीत होती. फेब्रुवारी 1965 मध्ये शुल्क रद्द झाले. जून 1968 मध्ये, ज्या पक्षाने ते रद्द केले होते त्याच पक्षाच्या सरकारने, औषधामागे अडीच शिलिंग या दराने ते पुन्हा लागू केले.

आजच्या गोंधळाचे मूळ 1968 च्या या निर्णयात आहे. शुल्क परत आणताना मुले, वृद्ध, गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया, गरीब कुटुंबे आणि काही ठरावीक आजारांचे रुग्ण यांना सूट देण्यात आली. आधी भरा आणि मग मागा ही रीत मागे पडली. चिठ्ठीच्या पाठीमागे आपला वर्ग सांगून सही करायची आणि औषध घेऊन जायचे, अशी नवी रीत आली. रुग्णाच्या दृष्टीने ती निश्चितच अधिक माणुसकीची होती. मात्र तिच्यामुळे हक्क आहे की नाही हे ठरवण्याची जबाबदारी रुग्णाकडे आली, आणि तेही तो आजारी असताना, केमिस्टच्या काउंटरवर, मागे रांग उभी असताना.

आजारांची ती यादी त्यानंतर जवळजवळ गोठून राहिली. गोळ्या किंवा इन्सुलिनवर असलेला मधुमेह तीत आहे, केवळ पथ्यावर असलेला नाही. थायरॉइडची कमतरता आहे, दमा नाही. नेहमी औषध लागणारा अपस्मार आहे, उच्च रक्तदाब नाही. कर्करोगाची भर 2009 मध्ये पडली. सर्वच दीर्घकालीन आजारांना सूट द्यावी अशी शिफारस सरकारनेच नेमलेल्या एका समीक्षेने 2010 मध्ये केली होती, परंतु ती अमलात आली नाही. यादीत आजार असणे पुरेसे नसते हा यातला सर्वांत फसवा भाग आहे. डॉक्टरांच्या सहीने अर्ज करून प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि ते साधारणपणे पाच वर्षे चालते. मधुमेह पाच वर्षांनी संपत नाही. प्रमाणपत्र मात्र संपते. आपल्याला मधुमेह आहे म्हणून औषधे मोफत आहेत असे मानणारा माणूस आजाराच्या बाबतीत खरे बोलत असतो आणि तरीही त्याची सही चुकीची ठरते.

वयाची अट 1995 मध्ये युरोपीय न्यायालयाच्या निकालानंतर स्त्री-पुरुष दोघांसाठी 60 झाली. ती सरकारी निवृत्तीच्या वयाशी जोडण्याचा प्रस्ताव 2021 मध्ये पुढे आला आणि 2023 मध्ये मागे घेण्यात आला. वेल्सने 2007 मध्ये, उत्तर आयर्लंडने 2010 मध्ये आणि स्कॉटलंडने 2011 मध्ये औषधांवरचे शुल्क पूर्णपणे काढून टाकले. त्यामुळे ब्रिस्टलच्या रुग्णाला जी सही जपून करावी लागते ती सेव्हर्न नदीच्या मुखापलीकडे वेल्समधल्या कार्डिफमध्ये राहणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. इंग्लंडमध्येही दहापैकी सुमारे नऊ औषधे शुल्काविनाच दिली जातात.

तपासणीचा इतिहास याहून अलीकडचा आहे. 1999 च्या एप्रिलपासून केमिस्टने पुरावा मागायचा, तो नसेल तर पुरावा पाहिला नाही अशी खूण करायची आणि औषध द्यायचे, असा नियम झाला. त्याच वर्षीच्या आरोग्य कायद्याने दंडाची तरतूद आणली. पुढे 2006 च्या एकत्रित कायद्यात गेलेले तिचे शब्द बारकाईने वाचण्यासारखे आहेत. जाणूनबुजून खोटे सांगणे हा वेगळा, फौजदारी गुन्हा आहे. दंड मात्र त्यावाचूनही होतो. आपण गैरहेतूने वागलो नाही आणि आपल्याकडून काळजी घेण्यातही कसूर झाली नाही असे दाखवून देणाऱ्यालाच त्यातून सुटका आहे.

या एका वाक्यात दोन निर्णय दडलेले आहेत आणि माझ्या मते सगळा वाद तेथेच आहे. पहिला म्हणजे प्रामाणिक चूक आणि फसवणूक यांच्यामध्ये निष्काळजीपणा नावाचा एक रुंद पट्टा आखला गेला आणि जवळजवळ सगळ्या चुका त्यात बसवता येऊ लागल्या. प्रमाणपत्रावरची तारीख पाहिली नाही, हा निष्काळजीपणा; पत्ता बदलल्यामुळे नूतनीकरणाचे पत्र जुन्या घरी गेले, हाही निष्काळजीपणाच मानता येतो. दुसरा निर्णय पुराव्याच्या ओझ्याचा. रुग्ण निष्काळजी होता हे नोटीस पाठवणाऱ्या संस्थेने सिद्ध करायचे नसून आपण काळजी घेतली होती हे रुग्णाने सिद्ध करायचे असते. सार्वजनिक पैशाची गळती थांबवायला हवी याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही, आणि काही लोक जाणूनबुजून खोटी सही करतात हेही खरे आहे. पण घेतलेल्या काळजीचा कागद कुणाजवळ नसतो, आणि ज्याला नोटिशीची इंग्रजी भाषा नीट कळत नाही त्याच्याजवळ तर तो मागण्याचे धैर्यही नसते.

पहिली पंधरा वर्षे ही तरतूद फारशी जाणवली नाही, कारण तपासणी हाताने आणि नमुन्यापुरती होत होती. 2014 मध्ये चित्र बदलले. केमिस्टांकडून दरमहा येणाऱ्या चिठ्ठ्यांचा दावा संगणकावर प्रमाणपत्रांच्या आणि भत्त्यांच्या नोंदींशी ताडून पाहिला जाऊ लागला आणि जुळणी झाली नाही की नोटीस निघू लागली. नावाच्या स्पेलिंगमधला फरक किंवा न कळवलेला नवा पत्ता एवढ्यानेही जुळणी चुकू शकते.

नेमक्या याच वर्षांत भत्त्यांची सगळी व्यवस्था बदलली जात होती. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला वर्गांच्या चौकटी असतात आणि त्यांत गरिबांसाठीच्या भत्त्यांची नावे असतात. जॉबसीकर्स अलाउन्स, म्हणजे बेकारभत्ता, या एकाच नावाखाली दोन प्रकार होते: उत्पन्नावर आधारित आणि पूर्वी भरलेल्या विमा-वर्गणीवर आधारित. पहिल्याने औषधे मोफत मिळत, दुसऱ्याने नाही. आजारपणामुळे काम करू न शकणाऱ्यांसाठीच्या भत्त्याचेही तसेच. अपंगत्वामुळे मिळणारे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट स्वतःहून हा हक्क देत नाही, ही गोष्ट तर अनेकांना अविश्वसनीय वाटते. कमी उत्पन्नवाल्यांसाठीच्या योजनेत दोन प्रमाणपत्रे आहेत. त्यांपैकी एचसी2 मध्ये औषधे मोफत आहेत, तर एचसी3 दात, डोळे आणि प्रवासखर्च यांत अंशतः मदत करते आणि औषधांना लागू होत नाही. नावात एका अंकाचा फरक आहे आणि हातात पडणारा कागद दोन्ही वेळा आरोग्यखर्चाच्या मदतीचाच असतो.

2013 पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या युनिव्हर्सल क्रेडिटने यातले बरेच भत्ते स्वतःत सामावून घेतले. जुन्या भत्त्यावर असताना हक्क आपोआप मिळत होता. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये नोव्हेंबर 2015 पासून त्याला कमाईची मर्यादा लागली. मागच्या पूर्ण झालेल्या हिशेब-महिन्यात निव्वळ कमाई 435 पौंड किंवा त्याहून कमी असावी, आणि भत्त्यात मुलांसाठीचा भाग मिळत असेल किंवा काम करण्याची क्षमता मर्यादित ठरली असेल तर 935 पौंडांपर्यंत असावी, अशी ती अट आहे. दर चार आठवड्यांनी 400 पौंड पगार घेणारी एखादी सफाई कामगार घ्या. वर्षात तिचे पगार तेरा होतात आणि हिशेब-महिने बारा, म्हणून एका महिन्यात दोन पगार पडून कमाई 800 दिसते. त्याच्या पुढच्या महिन्यात तिने नेहमीसारखी सही करून औषध घेतले तर तो दावा चुकीचा असतो. तिच्या कामात, घरात किंवा प्रकृतीत काहीही बदललेले नसते.

त्याहून मोठी अडचण अशी की चिठ्ठीवर युनिव्हर्सल क्रेडिटसाठी चौकटच नव्हती. पात्र असणाऱ्यांनी उत्पन्नावर आधारित जॉबसीकर्स अलाउन्सच्या चौकटीत खूण करावी, असे अधिकृतपणे सांगितले जात होते. म्हणजे मी दिलेली माहिती बरोबर आहे अशी सही करताना आपल्याला मिळत नसलेल्या भत्त्यापुढे खूण करणे हीच योग्य पद्धत ठरली होती. ज्यांना ही सूचना माहीत नव्हती ते दुसऱ्याच चौकटीत खूण करत, आणि माहीत असलेल्यांना कमाईच्या मर्यादेची कल्पना असेलच असे नव्हते, कारण ज्या चौकटीत ते खूण करत होते त्या भत्त्याला तशी मर्यादा नव्हती. नवी चौकट असलेला फॉर्म 2021 च्या आरंभी वापरात आला. इतकी वर्षे अपुऱ्या राहिलेल्या फॉर्मवर केलेली खूण रुग्णाच्या निष्काळजीपणात मोजली जावी, हे मला कोणत्याही बाजूने न्याय्य वाटत नाही.

मे 2019 मध्ये सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या संस्थेने या दंडांवर अहवाल दिला. 2014 पासून औषधे आणि दंतोपचार मिळून सुमारे 56 लाख नोटिसा निघाल्या होत्या, त्यांची रक्कम 67.6 कोटी पौंड होती, आणि त्यांतल्या सुमारे 17 लाख नोटिसा रुग्णाने हरकत घेतल्यावर त्याचा हक्क खरोखरच होता असे आढळल्यामुळे मागे घ्याव्या लागल्या होत्या. हरकत न घेता घाबरून पैसे भरणारे या शेवटच्या आकड्यात येत नाहीत. काही महिन्यांनी संसदेच्या एका समितीनेही या पद्धतीवर कठोर टीका केली. त्या सुमारास दंडाआधी विचारणेचे पत्र पाठवून रुग्णाला आपला हक्क दाखवण्याची किंवा केवळ शुल्क भरून मोकळे होण्याची संधी देण्याची पद्धत आली.

इंग्लंडमध्ये नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या मराठी कुटुंबांसाठी आणखी एक गैरसमज जवळचा आहे. व्हिसासोबत बहुतेकांना आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी 2024 पासून तो प्रौढांसाठी वर्षाला 1,035 पौंड आहे. इतके पैसे आधीच भरल्यावर औषधेही त्यातच आली असतील असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तो अधिभार भरणाऱ्यालाही इंग्लंडमध्ये औषधामागचे शुल्क इतरांप्रमाणेच द्यावे लागते.

आता अनेक फार्मसींमध्ये औषध देतानाच पडद्यावर सवलतीची नोंद दिसू शकते आणि ती दिसली तर रुग्णाला चौकट भरावी लागत नाही. नोंद सापडली नाही तर मात्र जुनीच पद्धत चालते. आपला हक्क आहे की नाही याची खात्री नसलेल्याने त्या दिवशी शुल्क भरावे आणि एफपी57 नावाची पावती मागून घ्यावी, अशी सोय आहे. ही पावती पैसे भरतानाच मागावी लागते, नंतर मिळत नाही, आणि तिच्या आधारे तीन महिन्यांच्या आत परतावा मागता येतो. 1952 मधल्या साहाय्यधारकाप्रमाणे आधी भरून मग मागण्याची ही वाट आहे आणि तिच्यासाठी त्या दिवशी खिशात 9.90 पौंड असावे लागतात.