पार्श्वभूमी : हँडलिंग आणि मजा यांची फारकत

दोन स्पोर्ट्स कार शेजारी उभ्या करून लिहिलेली अलीकडची कुठलीही तुलना काढा. हँडलिंगला, म्हणजे गाडी वळणात किती ताब्यात राहते त्याला, वेगळे गुण दिलेले असतात, आरामाला वेगळे आणि चालवण्यातल्या मजेला आणखी वेगळे. एखादी गाडी वळणात विलक्षण वेगाने जाते, रस्ता घट्ट धरते आणि तरीही मजेच्या रकान्यात मागे पडते. तिच्या निम्म्या ताकदीची दुसरी गाडी तिथे बाजी मारते. हे तीन रकाने पहिल्यापासून असे वेगळे नव्हते. गेल्या पस्तीसेक वर्षांत ते एकमेकांपासून सुटत गेले, आणि त्यातला सर्वांत वादग्रस्त टप्पा म्हणजे २०११ मध्ये जर्मन पोर्शे कंपनीच्या ९११ या स्पोर्ट्स कारला बसवलेलं इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग, म्हणजे तेलाच्या दाबाऐवजी (हायड्रॉलिक) विजेच्या मोटरने स्टिअरिंग फिरवायला मदत करणारी यंत्रणा.

त्याआधीच्या काळाबद्दल थोडक्यात सांगता येईल. साठच्या दशकात स्पोर्ट्स कार घेणाऱ्याने गैरसोय पत्करलेलीच असे. छतातून पाणी येणार, सस्पेन्शन गचके देणार, लांबच्या प्रवासात पाठ धरणार. १९६२ ची ब्रिटिश लोटस एलान निदान सस्पेन्शनच्या बाबतीत याला अपवाद होती. वजनाला अगदी हलकी, स्प्रिंग मऊ, आणि तरीही वळणात चपळ. १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात आलेल्या ९११ चा प्रश्न वेगळा होता. तिचं इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असल्याने भर वळणात अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय अचानक काढला की मागची बाजू बाहेर फेकली जाई. त्यावर उतारा म्हणून सुरुवातीच्या काही गाड्यांच्या पुढच्या बंपरमागे चक्क लोखंडी वजनं बसवली होती. १९६८ मध्ये मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली, तेव्हा गाडी थोडी शांत झाली. त्या काळात हँडलिंग चांगलं आहे याचा अर्थ बहुधा एवढाच असे, की गाडी चालवणाऱ्याचा घात करणार नाही.

आजची तुलनेची पद्धत ज्यातून आली ती दोन वर्षं म्हणजे १९८९ आणि १९९०, आणि दोन्ही वेळा पाऊल जपानने उचललं.

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात माझदाने एमएक्स-५ दाखवली. आपल्याकडे माझदा हे नाव ओळखीचं झालं ते स्वराज माझदाच्या ट्रक-बसमुळे. त्यामुळे या गाडीने जगभरात काय उलथापालथ केली हे इथे फारसं कुणाच्या नजरेत आलं नाही. १.६ लिटरचं साधं इंजिन, साधारण ११५ अश्वशक्ती, वजन हजार किलोच्या आत आणि चारही चाकांना डबल विशबोन (प्रत्येक चाक दोन त्रिकोणी भुजांनी धरणारं) सस्पेन्शन. गिअरबॉक्स आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा डिफरन्शियल यांना जोडणारी एक लांब चौकट होती. तिच्यामुळे अ‍ॅक्सिलरेटर दाबला की मधला ढिलेपणा न जाणवता गाडी तत्काळ ओढ घेई. पिकअपच्या आकड्यांत ती कुणालाच हरवत नव्हती. पण बेताच्या वेगात, गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर तिचे सगळे गिअर आणि सगळं इंजिन वापरता येत असे. शिवाय ती बिघडत नसे आणि पावसात गळत नसे. एलानचा हलकेपणा तिने घेतला आणि तिच्या कटकटी मागे ठेवल्या.

पुढच्याच वर्षी होंडाची एनएसएक्स आली. संपूर्ण अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, मध्यभागी तीन लिटरचं व्ही६ इंजिन आणि ८००० आरपीएमपर्यंतची झेप. त्या वेळच्या फेरारीच्या तोडीची कामगिरी होती, पण डॅशबोर्ड समजायला सोपा, काचेतून चारी बाजूंचं स्वच्छ दिसणारं आणि क्लच रोज ऑफिसला जाता येईल इतका हलका. १९९२ मध्ये आलेली मॅकलारेन एफ१ घडत होती तेव्हा तिच्या मुख्य आराखडाकाराने राईड (खड्ड्यांवरून जातानाचा आराम) आणि हँडलिंग यांचा मेळ कसा असावा यासाठी एनएसएक्सच मापदंड म्हणून समोर ठेवली होती. जगातल्या सर्वांत वेगवान रस्त्यावरच्या गाडीचा मापदंड एक होंडा! आराम आणि हँडलिंग यांचं हाडवैर असतंच असं नाही हे तेव्हा सिद्ध झालं, आणि त्यानंतर कुठल्याही महागड्या स्पोर्ट्स कारला ‘रोज चालवता येईल का’ हा प्रश्न विचारला जाऊ लागला.

स्टिअरिंगचा वाद समजून घ्यायचा तर एनएसएक्सकडेच परत यावं लागतं. इलेक्ट्रिक स्टिअरिंग ९११ ने आणलं असं सर्रास लिहिलं जातं, पण तसं नाही. १९८८ मध्ये सुझुकीच्या सर्वो या छोट्या गाडीत ते आलं, आणि दोनच वर्षांत ऑटोमॅटिक एनएसएक्समध्ये. मॅन्युअल गिअरच्या एनएसएक्सला मात्र सुरुवातीला कसलंच पॉवर स्टिअरिंग नव्हतं. १९९९ च्या होंडा एस२००० मध्येही इलेक्ट्रिकच होतं, आणि ९००० आरपीएमच्या इंजिनाचं कौतुक करणाऱ्या परीक्षकांनी तिचं स्टिअरिंग बधिर असल्याची तक्रार तेव्हाच केली होती. बीएमडब्ल्यूने तर जणू कबुलीच दिली. २००२ च्या साध्या झेड४ ला इलेक्ट्रिक स्टिअरिंग आणि कडक बाजूंचे, हवा गेली तरी काही अंतर धावणारे रन-फ्लॅट टायर होते. २००६ मध्ये आलेल्या झेड४ एमला कंपनीने हायड्रॉलिक स्टिअरिंग आणि साधे टायर दिले. ज्या गिऱ्हाइकाला चालवण्यातलं कळतं असं कंपनीला वाटत होतं, त्याच्यासाठी तिने कोणती बाजू निवडली हे यात उघड दिसतं.

मग ९११ च्याच बाबतीत एवढा गदारोळ का? कारण तोवर स्टिअरिंग म्हणजे ९११ असं समीकरण झालं होतं. इंजिन मागे असल्याने पुढच्या चाकांवर वजन कमी, त्यामुळे स्टिअरिंग मुळातच हलकं आणि बोलकं. १९८९ च्या ९६४ (हा पोर्शेचा पिढीसाठीचा अंतर्गत क्रमांक) पिढीपासून तिला हायड्रॉलिक मदत मिळू लागली, तरी हा गुण टिकला. रस्त्याचा उतार बदलला की चाक हातात किंचित ओढ घ्यायचं. ओल्या वळणावर पुढचे टायर सुटण्याच्या थोडं आधी स्टिअरिंग हलकं पडायचं, आणि चालवणारा नकळत पाय सैल करायचा. पतंगाच्या मांज्यातून वरचा वारा बोटांना कळावा, तसं रस्त्याचं ओलं-कोरडं तळव्यांपर्यंत पोहोचायचं. मागच्या सस्पेन्शनच्या जुन्या खोड्या १९९३ च्या ९९३ ने मोडल्या होत्या, १९९७ च्या ९९६ ने हवेऐवजी पाण्याने थंड होणारं इंजिन आणून जुन्या भक्तांना दुखावलं होतं, पण स्टिअरिंगवर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

२०११ च्या ९९१ पिढीत ते बदललं. कारण सरळ होतं. युरोपीय संघाच्या २००९ च्या नियमाने नव्या गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडला २०१५ साठी सरासरी १३० ग्रॅम प्रति किलोमीटरचं लक्ष्य घातलं होतं. हायड्रॉलिक स्टिअरिंगचा पंप इंजिनच्या पट्ट्यावर फिरतो, म्हणजे गाडी सरळ जात असतानाही इंधन खातो. इलेक्ट्रिक मोटर फक्त वळताना वीज घेते. त्यात त्या काळची अधिकृत चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होई, जिथे स्टिअरिंग फिरवायचाच प्रश्न येत नाही. त्यामुळे इलेक्ट्रिक मोटरचा फायदा कागदावर पुरेपूर दिसे. अ‍ॅव्हरेजमधली ही थोडीशी वाढ, तिच्यासाठी ९११ चा सर्वांत नावाजलेला गुण पणाला लागला, असं या वादात एका बाजूचं म्हणणं आहे आणि ते खोडून काढणं कठीण आहे.

दुसरी बाजूही आहे. निरुपयोगी कंपनं गाळून उपयोगी तेवढंच हातापर्यंत पोहोचवतो, असा कंपनीचा दावा होता. त्याच पिढीत व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, १०० मिलिमीटरने वाढला होता आणि गाडी आधीपेक्षा स्थिर, जलद आणि आरामशीर झाली होती, हे निर्विवाद. हँडलिंगच्या कुठल्याही मोजमापात ९९१ पुढेच होती. अडचण यंत्रणेच्या गाभ्यात होती. मोटर आणि तिचे गिअर यांचं स्वतःचं जडत्व आणि घर्षण असतं, आणि टायरकडून येणारे बारीक इशारे त्यातच जिरतात. सॉफ्टवेअरने स्टिअरिंगला वजन देता येतं, पण वाटेत जिरलेला इशारा परत निर्माण करता येत नाही. मध्येच कुणी जड स्टिअरिंगलाच ‘फील’ म्हणू लागलं आणि चर्चा आणखी भरकटली. जड असणं आणि बोलकं असणं यांचा संबंध नाही. १९९६ च्या लोटस एलिसचं स्टिअरिंग चालत्या गाडीत हलकं होतं आणि कुठल्याही मदतीशिवाय होतं.

मजा हा वेगळा रकाना इथे पक्का झाला असं माझं मत आहे. तोवर जी गाडी वळणात चांगली, तीच चालवायला आनंदाची, असं धरून चालता येई. ९९१ नंतर परीक्षकांना लिहावं लागलं की गाडी सर्व बाबतींत सुधारली आहे आणि तरी काहीतरी हरवलं आहे. हे ‘काहीतरी’ मांडायला जागा हवी होती. लहान कंपन्यांवर कार्बन डायऑक्साइडच्या नियमाचा तेवढा दाब नव्हता. वर्षाला दहा हजारांहून कमी गाड्या नोंदवणाऱ्यांना वेगळं लक्ष्य मागण्याची मुभा होती. लोटस आणि मॅकलारेन हायड्रॉलिक मदतीला चिकटून राहू शकल्या, त्यामागे निष्ठेइतकाच या सवलतीचाही हात मानायला हवा.

आरामाच्या बाबतीत प्रवास उलट दिशेने झाला, म्हणजे आधी बिघडला आणि मग सुधारला. बिघडण्यामागे जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग या शर्यतीच्या ट्रॅकवरच्या वेळांची स्पर्धा होती. २००८ मध्ये निसान जीटी-आरने २०.८ किलोमीटरच्या त्या जुन्या ट्रॅकवर ७ मिनिटं २९ सेकंदांची वेळ जाहीर केली, एका जर्मन प्रतिस्पर्ध्याने तशीच गाडी विकत घेऊन चालवून पाहिली आणि वेळेवर शंका घेतली, आणि त्या भांडणात खड्ड्यांवरून गाडी कशी जाते हे विचारायला कुणाला सवड उरली नाही. मोठी चाकं, पातळ टायर, कडक शॉकअप हीच स्पोर्ट्स कारची ओळख झाली. सुटका केली ती बटणाने मऊ-कडक होणाऱ्या शॉकअपनी. ९११ मध्ये ते २००४ पासून मिळू लागले. पुढे बॉनेटकडची बाजू उचलणारी यंत्रणाही आली, जिच्यामुळे मुंबई-पुण्याच्या गतिरोधकांवरून ही गाडी पोट न घासता जाऊ शकते.

पण आराम आणि मजा दोन्ही साधण्याचा अधिक प्रामाणिक मार्ग यंत्रणा वाढवण्याचा नव्हे, वजन घटवण्याचा. २०१२ च्या टोयोटा जीटी८६ ला मुद्दाम कमी पकड असलेले टायर दिले होते, त्याच कंपनीच्या प्रियस या इंधन वाचवणाऱ्या हायब्रिड गाडीला मिळणारे, म्हणजे मर्यादा कमी वेगात गाठता यावी. २०१७ ची अल्पीन ए११० आणखी पुढे गेली. वजन अकराशे किलोच्या आसपास, चारही बाजूंना डबल विशबोन, स्प्रिंग मऊ आणि शॉकअप साधे, बटणाविना. स्टिअरिंग इलेक्ट्रिक असूनही तिच्याविरुद्ध ओरड झाली नाही, कारण हलक्या गाडीत मोटरला करायचं कामच कमी असतं. तुलनांमध्ये तिने पोर्शेच्या ताकदवान केमनना मागे टाकलं ते वाईट रस्त्यांवर.

हायड्रॉलिक स्टिअरिंग परत येण्याची शक्यता आता जवळपास मिटली आहे. युरोपात जुलै २०२४ पासून बहुतेक नव्या गाड्यांना आणीबाणीत लेनमध्ये आणणाऱ्या यंत्रणेसह कितीतरी सुरक्षा साधनं बंधनकारक झाली. याच नियमांपायी जीटी८६ ची उत्तराधिकारी जीआर८६ तिथे जेमतेम दोन वर्षं विकली गेली. स्टिअरिंग स्वतः फिरवू शकणारी मोटर या नव्या यंत्रणांच्या फार सोयीची असते. त्यामुळे आता सगळं काम त्या मोटरचं आणि रॅकचं (चाकं वळवणाऱ्या दातेरी दांड्याचं) घर्षण कमी करण्याकडे वळलं आहे. ९११ च्या पुढच्या पिढ्यांत सुधारणा झाली, तिच्या जीटी३ या ट्रॅककडे झुकलेल्या आवृत्तीचं स्टिअरिंग आज टीकाकारही नावाजतात. एमएक्स-५ ने २०१५ च्या चौथ्या पिढीत हायड्रॉलिक सोडलं होतं. २०२३ च्या अखेरीस आलेल्या तिच्या सुधारित आवृत्तीत माझदाने रॅक नव्याने घडवून आतलं घर्षण कमी केलं आणि मोटरचं नियंत्रण पुन्हा लिहून काढलं.