लुप्त वन्यजीव व वनस्पती, भारतातील

पूर्वी भारतात नैसर्गिक अवस्थेत आढळणारी, परंतु आता न आढळणारी जीवजाती देशापुरती लुप्त मानतात. असा लोप म्हणजे निर्वंश नव्हे. जावाचा गेंडा सुंदरबनातून गेला, तरी जावा बेटाच्या पश्चिम टोकाला तो तग धरून आहे.

या यादीत सर्वांत परिचित प्राणी चित्ता. त्याच्या जुन्या नोंदी वाचताना मात्र नावापासूनच सावध राहावे लागते. संस्कृत ‘चित्रक’ या शब्दाचा अर्थ ठिपक्यांचा, एवढाच. बंगालीत ‘चिताबाघ’ म्हणजे बिबट्या, आणि मराठीतही दोन्ही प्राण्यांची सरमिसळ आजतागायत चालते. बिबट्याच्या अंगावर गुलाबाच्या आकाराची पोकळ वर्तुळे असतात. चित्त्याचे ठिपके भरीव असून डोळ्यापासून तोंडापर्यंत अश्रूसारखी काळी रेघ उतरते. असे वर्णन जोडलेले नसेल, तर निव्वळ ‘चित्ता’ या शब्दावर विसंबता येत नाही.

चित्ता मूळचा भारतीयच का, यावरही वाद आहे. वन्यजीव-अभ्यासक वाल्मिक थापर यांच्या मते तो राजेरजवाड्यांनी शिकारीसाठी बाहेरून आणला. चित्त्याच्या इतिहासाचे अभ्यासक दिव्यभानुसिंह यांनी मात्र दरबारी बखरी, चित्रे आणि शिकारनोंदी तपासून तो येथलाच ठरवला आहे. काळवीट पकडण्यासाठी चित्ते पाळण्याची रीत मोगलांकडे फार मोठ्या प्रमाणावर होती. अकबराजवळ एक हजार चित्ते असल्याचे जहांगीर लिहितो. आकडा फुगवलेला असू शकतो. त्याच्याच आठवणींत पाळीव मादीला तीन पिल्ले झाल्याचा उल्लेख आहे, आणि तो अपूर्वाई म्हणून केलेला आहे. बंदिवासात वीण जवळजवळ होतच नसल्याने प्रत्येक नवा चित्ता रानातूनच धरावा लागे, हे यावरून कळते. एवढे चित्ते पुरवणारे रान जवळपासच असणार, म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. विसाव्या शतकात कोल्हापूरसारख्या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले, तोवर येथले रान बहुतेक रिकामे झाले होते.

शेवटची निर्विवाद नोंद सामान्यतः १९४७ ची धरतात. कोरिया संस्थानचे (आता छत्तीसगढ) महाराज रामानुज प्रताप सिंह देव यांनी रात्रीच्या वेळी तीन चित्ते मारले. तिन्ही नर होते, बहुधा एकाच विणीचे. त्यानंतरही चित्ता दिसल्याच्या वार्ता येत राहिल्या. १९५२ मध्ये तो लुप्त झाल्याचे जाहीर झाले. सप्टेंबर २०२२ पासून मध्य प्रदेशातील कुनो येथे सोडलेले चित्ते आफ्रिकी उपजातीचे आहेत. आशियाई उपजात आता केवळ इराणात उरली आहे.

पक्ष्यांपैकी हिमालयी लाव्याची शेवटची खात्रीची नोंद १८७६ ची, नैनितालजवळची. गुलाबी डोक्याच्या बदकाची १९३५ ची, दरभंग्याकडची. त्याचे अंडे जवळजवळ चेंडूसारखे गोल असे.

लुप्त ठरवण्यात किती गफलत होऊ शकते, हे रानपिंगळ्याच्या उदाहरणावरून दिसते. १८८४ नंतर त्याचा विश्वसनीय नमुना नव्हता. ब्रिटिश पक्षिसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्सहागेन यांनी १९१४ मध्ये मांडवी (गुजरात) येथे नमुना मिळाल्याचा दावा केला होता, आणि त्यामुळे शोध भलत्याच ठिकाणी होत राहिला. अमेरिकी पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी त्या नमुन्याच्या पेंढा भरलेल्या कातड्याची भरण व शिवण तपासली, तेव्हा तो जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात गोळा केलेला जुनाच, संग्रहालयातून चोरलेला नमुना असल्याचे निष्पन्न झाले. बनावट नोंद वगळून जुन्या ठिकाणांकडे वळल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ (आता नंदुरबार जिल्हा) पिंगळा दिवसाढवळ्या झाडावर बसलेला सापडला.

वनस्पतींच्या बाबतीत हा शब्द आणखी जपून वापरावा लागतो. हबार्डिया हेप्टान्यूरॉन हे नाजूक गवत गिरसप्पा धबधब्याजवळ १९१९ मध्ये गोळा झाले व पुढे लुप्त समजले गेले; नंतर ते तिलारी परिसरात पुन्हा मिळाले. बंगालमधील तालिएरा ताड मात्र रानातून गेला असून लागवडीतच शिल्लक आहे. तो आयुष्यात एकदाच फुलतो आणि फळे धरल्यावर मरतो.