वजन उतरल्यानंतरचं ब्रेस्ट इम्प्लांट

डाएटने म्हणा, इंजेक्शनने म्हणा नाहीतर बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरीने (वजन घटवण्यासाठी जठर लहान करायच्या ऑपरेशनने), 30-40 किलो वजन उतरलं की बऱ्याच बायकांचे स्तन रिकामे होऊन खाली ओघळतात, आणि मग सिलिकॉनचं किंवा सलाईनचं (मिठाच्या पाण्याचं) इम्प्लांट, म्हणजे भरलेली पिशवी, आत बसवून ते परत भरून घ्यावेत का हा प्रश्न येतो. "एवढं वजन कमी केलंस, आता अजून काय हवं" असं घरचे सहज बोलून जातात, पण हा नुसत्या नटण्याचा प्रश्न नाही. ओघळलेल्या स्तनाखाली घाम साचतो, कातडी लाल होते, बुरशी धरते, मुंबईच्या उन्हाळ्यात तर कितीजणी तिथे सुती रुमालाची घडी ठेवून दिवस काढतात, आणि ब्रा घालताना सैल कातडी हाताने गोळा करून कपात भरावी लागते.

असं का होतं, तर स्तनात दूधग्रंथी आणि चरबी असते, वजन वाढलेलं असताना वरची कातडी वर्षानुवर्षं ताणून राहते आणि तिच्यातले कोलाजेन-इलास्टिनचे धागे कमजोर पडतात. पुढे चरबी जाते पण कातडी तेवढीच राहते. वरचा भाग सपाट होतो, निप्पल खाली सरकतं. पुशअप्स मारून हे वर येत नाही कारण स्तनाच्या आत स्नायूच नसतो, तो मागे छातीच्या पिंजऱ्यावर असतो. ओघळण्याच्या पायऱ्या 1976 साली रेन्यो या सर्जननी मांडल्या त्या अजून वापरतात: निप्पल स्तनाखालच्या घडीच्या रेषेत आलं की पहिली, घडीच्या खाली गेलं की दुसरी, आणि स्तनाच्या अगदी तळाशी जाऊन जमिनीकडे बघायला लागलं की तिसरी.

इथेच सगळ्यात जास्त गैरसमज होतो. इम्प्लांट भरतं, उचलत नाही. कातडी जास्त असताना नुसतं इम्प्लांट घातलं तर त्याच्या वजनाने स्तन अजून खाली येतो, किंवा इम्प्लांट वर राहतं आणि मूळ स्तन त्याच्यावरून घसरल्यासारखा दिसतो. जास्तीची कातडी काढून निप्पल वर बसवायचं काम लिफ्टचं, म्हणजे मास्टोपेक्सीचं, आणि तिचे व्रण राहतात, निप्पलभोवती, तिथून सरळ खाली, आणि कातडी फार असेल तर खालच्या घडीतही आडवा. आरशासमोर उभं राहून स्तन तळहाताने वर उचलून बघा, तेवढ्याने बरं वाटलं तर बहुतेक लिफ्ट पुरते, उचलूनही वरचा भाग पोकळच दिसत असेल तर मग इम्प्लांटचा विचार. काही सर्जन काखेखाली उरलेली चरबी-मांसाची वळकटी आत वळवून तिनेच स्तन भरतात, आणि माझ्या मते हा पर्याय प्रत्येकीने विचारायलाच हवा, कारण आपलंच मांस इम्प्लांटसारखं पुढे बदलावं लागत नाही. लिफ्ट आणि इम्प्लांट एकाच वेळी करता येतं पण ते अवघड काम आहे, एकीकडे कातडी घट्ट करायची आणि दुसरीकडे आतून ताण द्यायचा, म्हणून कातडी फार सैल असली की बरेच डॉक्टर आधी लिफ्ट आणि काही महिन्यांनी इम्प्लांट असं दोन टप्प्यांत करतात.

घाई मात्र नको. बॅरिअ‍ॅट्रिकनंतर साधारण 12 ते 18 महिने थांबायला सांगतात आणि वजन निदान काही महिने एका जागी टिकलेलं हवं, कारण नंतर अजून 10 किलो गेले तर केलेलं काम परत सैल पडतं. वजनासाठी जठराचा बायपास झालेल्यांनी प्रोटीन, लोह, बी12, डी व्हिटॅमिन तपासून घ्यावं, हे कमी असेल तर जखम लवकर भरत नाही. सिगरेट किंवा तंबाखू काही आठवडे आधीच पूर्ण बंद. मूल हवं असेल तर ते आधी होऊ द्या, गरोदरपणात आकार पुन्हा बदलतो.

साइज ठरवताना जुन्या ब्रा-कपच्या आकड्यावर जाऊ नका. मोजून तांदूळ भरलेली पातळ पिशवी सैल ब्रामध्ये ठेवून घरात दिवसभर वावरून बघायची पद्धत साधी आणि उपयोगाची आहे, पाठ आणि खांदे लगेच सांगतात. पातळ, सैल कातडीत मोठं इम्प्लांट खाली किंवा बाजूला सरकतं आणि कडेला सुरकुत्या दिसतात.

पहिलं सिलिकॉन इम्प्लांट 1962 साली अमेरिकेत ह्यूस्टनला बसवलं गेलं. सुरक्षिततेच्या शंकांमुळे 1992 मध्ये तिथल्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) कॉस्मेटिक वापरासाठी सिलिकॉन थांबवलं, 2006 मध्ये परत परवानगी दिली. 2019 मध्ये खरखरीत पृष्ठभागाची काही इम्प्लांट एका दुर्मिळ लिम्फोमामुळे (एक प्रकारच्या कॅन्सरमुळे) जगभरातून परत घेतली गेली, तेव्हा पृष्ठभाग कसा आहे हे विचारायला लाजू नका. इम्प्लांट जन्मभराचं नसतं. शरीर त्याच्याभोवती जे आवरण तयार करतं ते आवळून दगडासारखं कडक होऊ शकतं, पिशवी फुटू शकते आणि सिलिकॉनची फूट बाहेरून कळतही नाही, म्हणून एफडीए 5-6 वर्षांनी आणि पुढे दर 2-3 वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी सुचवते. आपल्याकडे मेडिक्लेम कॉस्मेटिक सर्जरीला सहसा पैसे देत नाही, त्यामुळे पुढच्या ऑपरेशनचाही खर्च आधीच धरून चाला.

ऑपरेशननंतर एक कार्ड मिळतं, कंपनी, साइज, सिरियल नंबर लिहिलेलं, ते फाईलमध्ये जपून ठेवा. मॅमोग्राफीला (स्तनांच्या एक्स-रेला) जाल तेव्हा टेक्निशियनला आधीच सांगा, इम्प्लांट मागे सारून जास्तीचे फोटो काढावे लागतात.