कोंबडखत पाइनच्या बनात कसे पोहोचले : पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या दक्षिणेत ब्रॉयलरच्या शेड आणि लॉब्लॉली या जातीच्या पाइनची लागवड एकाच पट्ट्यात वाढत गेली : आर्कान्सा, अलाबामा, जॉर्जिया, पूर्व टेक्सास. शेडमधली गादी पुष्कळदा पाइनच्याच भुशाची. तरी तिथले ‘लिटर’ वर्षानुवर्षे जवळच्या कुरणांवर पडत राहिले, आणि पाइनला मिळाले युरिया व डीएपी.

‘लिटर’ म्हणजे नुसती विष्ठा नव्हे. त्यात भुसा, पिसे, सांडलेले खाद्यही आले. आपल्याकडे गादी पद्धतीच्या शेडमधून निघते ते हेच. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांची ओली विष्ठा वेगळी. दोन्हींना एकच मात्रा लावणे चूक.

१९९७ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्यांत मासे मेले, कोंबडखतातल्या फॉस्फरसकडे बोट दाखवले गेले, आणि १९९८ मध्ये मेरीलँडने खतनियोजनाचा कायदा केला. २००३ मध्ये आर्कान्सानेही केला. कुरणांच्या मातीत फॉस्फरस भरून राहिला होता. बनाचा पर्याय गांभीर्याने पुढे आला.

खरा वाद मात्रेचा. विरळणीनंतर, म्हणजे काही झाडे काढून बन विरळ केल्यावर, पाइनला एकरी साधारण ९० किलो नत्र आणि ११ किलो फॉस्फरस देण्याचा प्रघात आहे. एक टन लिटरमध्ये ढोबळमानाने ३० किलो नत्र आणि १३ किलो फॉस्फरस असतो. नत्राचा हिशेब धरून तीन टन टाकले, तर फॉस्फरस ३९ किलो, म्हणजे गरजेच्या साडेतीन पट. त्यातही सगळे नत्र पहिल्या वर्षी लागू होत नाही, म्हणून मात्रा वाढवण्याचा मोह होतो. फॉस्फरस धरून मोजले तर टनभरही लागत नाही, नत्र अपुरे पडते आणि एवढ्याशा खतासाठी ट्रक परवडत नाही. नत्रवाल्यांचे म्हणणे असे की बनाची आम्लधर्मी माती फॉस्फरस धरून ठेवते आणि हे खत लागवडीपासून तोडणीपर्यंत एकदाच पडते. हे पटते, पण ओढ्यापासून दूर आणि माती तपासल्यावरच. कुरणांच्या बाबतीतही ‘माती धरून ठेवते’ असेच मानले गेले होते.

२००८ मध्ये रासायनिक खते कडाडली, तेव्हा लिटरची मागणी वाढली. जॉर्जिया-फ्लोरिडात पाइनच्या सुया, म्हणजे गळलेली सुईसारखी पाने, गोळा करून विकतात. तिथे जमिनीतून गेलेले परत देण्याचीही निकड होती. मात्र कोवळ्या रोपांत लिटर टाकले की आधी तण माजते, आणि जादा नत्राने स्लॅश या दुसऱ्या जातीच्या पाइनवर पिच कॅन्कर हा बुरशीजन्य रोग बळावतो. म्हणून ते विरळणीनंतर द्यायचे. तेव्हाच काढलेल्या ओळींतून खत पसरणाऱ्या यंत्रालाही (स्प्रेडर) वाट मिळते.