शंभर किलोची पोरं बॉक्सिंगच्या रिंगकडे का जात नाहीत? थोडी पार्श्वभूमी

चाळीसगाव घ्या, पारोळा घ्या, शिरपूर घ्या नाहीतर शहादा, कुठंही एखादा सहा फुटी शंभर किलोचा गडी दिसला की चहाच्या टपरीवर कोणीतरी म्हणतंच, अरे हा बॉक्सिंगमध्ये गेला असता ना तर टायसन झाला असता. गंमत म्हणजे खुद्द टायसनच्या देशातही, म्हणजे अमेरिकेत, गेली कित्येक वर्षं हीच हळहळ चालू आहे, फक्त तिथं लोक त्यांच्या त्या हेल्मेटवाल्या फुटबॉलमधल्या एखाद्या राक्षसाकडे बोट दाखवून म्हणतात की हा रिंगमध्ये असता तर हेवीवेटचा, म्हणजे सगळ्यात जड गटाचा, पट्टा आपल्याकडेच राहिला असता. दोन्हीकडचं कारण मला तरी एकच वाटतं, आणि ते भीती नाही. बॉक्सिंगच्या शिडीला वरची पायरी सोन्याची आहे आणि मधल्या पायऱ्याच नाहीत. पहिल्या नंबरवाल्याला करोडो, पन्नासाव्या नंबरवाल्याला फुटलेलं नाक. पण हे कायम असं नव्हतं, म्हणून जरा मागं जाऊ.

१८९२ साली न्यू ऑर्लिन्समध्ये जिम कॉर्बेटनं तेव्हाचा चॅम्पियन जॉन सलिव्हनला हरवलं, तेही ग्लोव्ह्ज घालून, आणि तिथून आजचं हेवीवेट बॉक्सिंग सुरू झालं असं धरतात. त्या काळात अमेरिकेत ताकदवान गरीब पोराला खेळातून पैसा कमवायचा तर रस्ते किती होते? बेसबॉल होतं, पण ते गोऱ्यांसाठी. फुटबॉलवाल्यांनी १९३४ पासून १९४६ पर्यंत एकही काळा खेळाडू घेतला नाही. बास्केटबॉलची एनबीए १९५० पर्यंत गोऱ्यांचीच. बॉक्सिंगवाले काही संत होते असं नाही हां, सलिव्हन काळ्या बॉक्सरशी लढायलाच तयार नसायचा, जॅक जॉन्सनला टायटलसाठी १९०८ मध्ये पार सिडनीपर्यंत जावं लागलं, आणि तो १९१५ ला हरल्यावर पुढची बावीस वर्षं एकाही काळ्या बॉक्सरला हेवीवेट टायटलची फाइट मिळाली नाही, ती १९३७ ला जो लुईला मिळाली. तरी पण रिंगचं दार थोडं तरी उघडं होतं, बाकी दारांना कुलूप होतं. म्हणजे त्या काळात सगळ्यात चांगले गडी बॉक्सिंगमध्ये आले ते बॉक्सिंगच्या प्रेमामुळे कमी आणि दुसरं काही नव्हतं म्हणून जास्त.

आणि ज्याच्याकडे दुसरा रस्ता होता तो आधी तिकडंच जायचा. रॉकी मार्सियानो, ४९ फाइट आणि ४९ विजय, हा माणूस आधी बेसबॉलच्या ट्रायलला गेला होता, १९४७ मध्ये. तिथं घेतलं नाही म्हणून परत आला आणि मग बॉक्सिंग सिरियसली केलं. तिथं सिलेक्शन झालं असतं तर हेवीवेटच्या इतिहासातलं ते एक पान कोरंच राहिलं असतं.

मग ती कुलपं निघाली. १९४६ ला फुटबॉल, १९४७ ला जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूमुळे बेसबॉल, १९५० ला बास्केटबॉल. त्याच सुमाराला टीव्ही आला आणि आठवड्यातून दोन-तीन रात्री घरबसल्या मोठ्या फाइट फुकटात दिसायला लागल्या, तेव्हा गावोगावचे छोटे क्लब, जिथं नवीन पोरगं वीस-पंचवीस डॉलरवर लढून शिकायचं, ते पटापट बंद पडले. लोकल फाइट बघायला तिकीट कोण काढणार? शिडीच्या मधल्या पायऱ्या खऱ्या अर्थानं इथं निखळल्या. वरून १९६० मध्ये विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीचा चार्ली मोर कॉलेजच्या नॅशनल स्पर्धेत डोक्याला मार लागून काही दिवसांत गेला आणि एनसीएए या कॉलेज-खेळांच्या मोठ्या संघटनेची बॉक्सिंग स्पर्धा कायमची संपली. याचा परिणाम लोकांच्या लवकर लक्षात येत नाही. अमेरिकेत खेळाडू घडतो तो शाळा-कॉलेजात, स्कॉलरशिपवर. गरीब घरातला दोन मीटर उंच पोरगा चौदा वर्षांचा झाला की शाळेतले फुटबॉल आणि बास्केटबॉलचे कोच त्याच्या मागं लागतात, फी माफ, जेवण, बूट, डॉक्टर सगळं त्यांचं. बॉक्सिंगवाला कोच त्या शाळेत नाहीच.

आता पैशाचं बघा. तिथल्या फुटबॉल लीगमध्ये ३२ टीम, प्रत्येकीत ५३ खेळाडू, म्हणजे जवळजवळ सतराशे नोकऱ्या, आणि २०२४ मध्ये नवख्या खेळाडूला वर्षाला कमीत कमी ७ लाख ९५ हजार डॉलर. बेंचवर बसणाऱ्यालासुद्धा. वर युनियन, पेन्शन. हेवीवेटमध्ये तसे पैसे कमावणारे जगात किती? हाताची नाही तर हातापायाची बोटं पुरतील. आणि टायसननं करोडो डॉलर कमावून २००३ ला दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा वरच्या पायरीचाही भरवसा नाही हे सगळ्यांनी बघितलं.

काही जणांनी उलटा प्रवासही करून बघितला. डॅलसच्या टीमचा एड जोन्स, ज्याला ‘टू टॉल’ म्हणायचे, तो १९७९ मध्ये फुटबॉल सोडून बॉक्सिंगमध्ये आला, सहाच्या सहा फाइट जिंकला आणि गपचूप फुटबॉलला परत गेला. सात फुटी विल्ट चेंबरलेन आणि मोहम्मद अली यांची फाइट १९७१ मध्ये जवळजवळ ठरली होती, शेवटच्या क्षणी मोडली. माझं मत विचाराल तर बरं झालं, त्यात चेंबरलेनचं काही खरं नव्हतं.

मार लागतो म्हणून बॉक्सिंग सोडतात हे मला अर्धवट पटतं. बॉक्सरच्या मेंदूवर मार लागून काय होतं हे १९२८ पासून डॉक्टरी मासिकात छापून आलेलं आहे, अलीचा पार्किन्सन्स जगानं बघितला. पण फुटबॉलमध्येही मेंदूचं तेच होतं, माजी खेळाडूंच्या केसमध्ये लीगनं करोडो डॉलर मोजले, तरी पोरं तिकडं जातातच ना. मार दोन्हीकडे आहे, पगार एकीकडेच आहे.

आता दुसरी बाजू. जिथं सरकारनं मधल्या पायऱ्या स्वतः लावल्या तिथं आडदांड पोरं बॉक्सिंगमध्ये आली. क्युबात तेव्हा प्रोफेशनल खेळ बंद होते, पण सरकारी ट्रेनिंग जबरदस्त, तिथून तेओफिलो स्टीव्हनसननं १९७२, ७६ आणि ८० अशी तीन ऑलिंपिक गोल्ड नेली आणि फेलिक्स सावोननं १९९२, ९६ आणि २००० अशी तीन. सोव्हिएत पद्धतीत तयार झालेले क्लिच्को भाऊ नंतर प्रोफेशनलमध्ये आले आणि धाकटा व्लादिमिर २००६ ते २०१५ चॅम्पियन राहिला. अमेरिकेचं ऑलिंपिकमधलं हेवीवेट गोल्ड शेवटचं १९८८ चं, रे मर्सरचं. मधे डिऑन्टे वाइल्डर आला, पण तोही मुळात अलाबामा युनिव्हर्सिटीकडून फुटबॉल खेळायचं स्वप्न बघणारा, मुलगी आजारी जन्मली, पैसा पाहिजे होता, म्हणून विसाव्या वर्षी बॉक्सिंगला लागला आणि तीन वर्षांत बीजिंग ऑलिंपिकचं ब्राँझ घेऊन आला.

अमेरिकनांची ती हळहळ मला थोडी बहाणाही वाटते, हे सांगून टाकतो. मार्सियानो जेमतेम ८५ किलोचा होता. २०२४ ला वेगवेगळ्या संघटनांचे सगळे पट्टे एकत्र करणारा युक्रेनचा उसिक त्याच्यासमोरच्या टायसन फ्यूरीपेक्षा कितीतरी लहान होता, फुटवर्कवर जिंकला. नुसतं धूड असून बॉक्सर होत नाही.

बरं, आता आपल्याकडे. खान्देशात धिप्पाड पोरगा म्हटला की रस्ता आधीच आखलेला असतो आणि तो तालमीत जातो. यात्रेच्या दंगलीत दहा-बारा वर्षांचं पोरगं रेवड्यांवर, नारळावर कुस्ती धरतं, पुढच्या वर्षी पन्नास रुपयांवर, मग पाचशेवर, मग पाच हजारावर, म्हणजे पहिल्या वर्षापासून काहीतरी हातात पडतं, गाव ओळखतं, एखादा दूधवाला आपणहून खुराकाला हातभार लावतो. मधल्या पायऱ्या म्हणतोय त्या ह्याच. आणि सगळ्यात वर महाराष्ट्र केसरी, १९६१ पासून. त्याची गंमत अशी की चांदीची गदा मिळते ती ८६ ते १२५ किलोच्या गटाला, कमी वजनवाले कितीही भारी लढले तरी त्यांना मेडल, गदा नाही. म्हणजे कुस्तीत अंगानं मोठा असणं हाच मान आहे. बॉक्सिंगमध्ये आपल्याकडे नेमकं उलटं, देशाला ऑलिंपिक मेडल दिली ती विजेंदरनं ७५ किलोत, मेरी कोमनं ५१ किलोत, लवलिनानं ६९ किलोत. १९८८ ला सोल ऑलिंपिकला गेलेले आपले मराठी बॉक्सर मनोज पिंगळे आणि शाहूराज बिराजदार, तेही हलक्या वजनाचे.

आणि आमच्या चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी, २०१४, २०१५ आणि २०१६, सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी. सरकारनं त्याला थेट पोलिस उपअधीक्षक केलं. आता ज्या बापानं हे डोळ्यांनी बघितलं तो आपल्या दांडग्या पोराला ग्लोव्ह्ज कशाला घेऊन देईल? बॉक्सिंगचं नाव काढलं की घरची म्हातारी अहिराणीत एकच विचारणार, तोंड फुटनं ते पोर कोन दी? हसू नका, लग्न हा मुद्दा आहेच. कुस्तीत कान मोडला तर तो पैलवानकीचा शिक्का, बॉक्सिंगमध्ये नाक मोडलं तर नुसतं मोडलेलं नाक.

ज्यांना कुस्ती जमत नाही ते पोलिस भरतीला. धुळे, जळगाव, नंदुरबार, पहाटे कुठल्याही ग्राउंडवर जा, १६०० मीटरला पळणारी आणि गोळा फेकणारी पोरं दिसतीलच, धुळ्यात तर एसआरपीचा ग्रुपच आहे त्यामुळे खाकी रोज डोळ्यांसमोर. मोठ्या खांद्याचा पोरगा गोळाफेकीवर मार्क काढतो, पंचवर वेळ का घालवेल? सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि ते बॉक्सिंगलाही लागू होतं हे खरं, पण त्यासाठी आधी राज्य-नॅशनलपर्यंत पोचायला पाहिजे आणि तिथंच खरी अडचण सुरू होते.

ती अडचण म्हणजे पार्टनर. याबद्दल कोणी बोलत नाही पण माझ्या मते आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण हेच. तालमीत ९५ किलोच्या पैलवानाला ७० किलोचे दोन-तीन गडी आळीपाळीनं जोर देतात, वस्ताद स्वतः उतरतो, सराव होतो. बॉक्सिंगमध्ये ९५ किलोच्या पोरासमोर ६० किलोचा पोरगा उभा करता येत नाही, जबडा जाईल त्याचा. आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जे थोडेफार बॉक्सिंग करतात ते बहुतेक ५०-६० किलोचे. मग हा एकटा बॅगवर मारत बसतो, स्पर्धेत गटात दोन-तीनच जण असतात म्हणून एखादी फाइट जिंकली की मेडल, आणि पुढं नॅशनलला हरियाणा किंवा सर्व्हिसेसचा, म्हणजे सैन्यदलांच्या टीमचा, गडी समोर आला की दोन मिनिटांत कळतं आपण काय शिकलो नाही ते. सरावासाठी बाहेर जायचं तर अकोल्याची क्रीडा प्रबोधिनी आहे, पुण्यात आर्मीचं इन्स्टिट्यूट आहे, म्हणजे घर सोडणं आलंच.

त्यात फेडरेशनची भांडणं. २०१२ च्या डिसेंबरात भारतीय फेडरेशन सस्पेंड झालं आणि टिकणारं नवीन फेडरेशन उभं राहीपर्यंत २०१६ उजाडलं. आंतरराष्ट्रीय संघटनेची ऑलिंपिक मान्यता २०२३ मध्ये गेली, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिसमध्ये बॉक्सिंग असणार की नाही हेच २०२५ च्या मार्चपर्यंत पक्कं नव्हतं. दुसऱ्या बाजूला २०१४ पासून प्रो कबड्डी, जिथं पवन सेहरावतला २०२३ च्या लिलावात अडीच कोटींच्या वर मिळाले, आणि टीव्हीवर रोज. सोळा वर्षांचं पोरगं काय निवडेल?

तरी भारतात चांगले हेवीवेट झालेच नाहीत असं नाही, आणि ते कुठून आले ते बघण्यासारखं आहे. हवा सिंग, १९६६ आणि १९७० एशियन गेम्स गोल्ड, आर्मी. नंतर भिवानीत पोरं घडवली ती त्यांनीच. कौर सिंग, १९८२ दिल्ली एशियाड गोल्ड, आर्मी. १९८० मध्ये अली दिल्लीत आला होता तेव्हा त्याच्यासमोर प्रदर्शनी फाइटला उभा राहिलेला हाच माणूस, आणि नंतरची कित्येक वर्षं पंजाबात शेती करत राहिला. सतीश कुमार, ऑलिंपिकला क्वालिफाय झालेला पहिला भारतीय सुपर हेवीवेट (हेवीवेटच्याही वरचा गट), टोकियोला चेहऱ्यावर टाके असताना क्वार्टर फायनल लढला, तोही आर्मी. सतीश तर मुळात कबड्डीवाला, फौजेत भरती झाल्यावर तिथल्या कोचनं उंची बघून ग्लोव्ह्ज दिले. पगार चालू, जेवण चालू, समोर मारायला त्याच वजनाचे पार्टनर, म्हणजे जे गावात नाही ते सगळं एका कंपाउंडच्या आत. २०२४ च्या पॅरिसला मात्र पुरुषांमध्ये आपले दोनच बॉक्सर होते, ५१ आणि ७१ किलोचे. वरच्या वजनात कोणीच नाही.

खान्देशातून फौजेत जाणारी पोरं काही कमी नाहीत. त्यामुळे इकडचा एखादा हेवीवेट कधी झालाच तर तो जळगावच्या क्लबमधून निघेल असं मला वाटत नाही, तो भरतीला गेलेला कोणीतरी कबड्डीवाला नाहीतर अर्धवट पैलवान असेल, आणि ग्लोव्ह्ज पहिल्यांदा त्याच्या हातात एखादा सुभेदार देईल.